आकडा आणि एकक : हवामानाच्या आलेखांतील मापनलेखनाची भाषाशास्त्रीय चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

हवामानाचा आलेख ही विज्ञानाची वस्तू आहे, भाषेची नव्हे, असा एक समज रूढ आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. आलेख हे एक विधान असते. ‘अमुक ठिकाणी, अमुक काळात, इतका पाऊस पडला’ हे वाक्य त्यात रेषेच्या व रंगाच्या द्वारे मांडलेले असते. या वाक्यातील आकडा एकटा काहीच सांगत नाही. ‘६४.६’ हे विशेषण आहे. त्याला विशेष्य मिळते ते ‘मिलीमीटर’ या एककामुळे. विशेष्य गळाले, अथवा संदिग्ध राहिले, तर वाक्य अपुरे राहते. चुकीचे विशेष्य जोडले गेले, तर वाक्य खोटे ठरते. आज हे आलेख हाताने काढले जात नाहीत. संगणकाची आज्ञावली ते काढते. म्हणून एकक कसे लिहावे हा प्रश्न आता लेखकाच्या हातून सुटून आज्ञावलीच्या व्याकरणाचा प्रश्न झाला आहे. त्या व्याकरणाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

चर्चेसाठी गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी हा तालुका डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल. वैनगंगेच्या काठचा हा धानाचा मुलूख. पावसाचा आकडा येथे केवळ कुतूहलाचा विषय नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलीमीटर ही मर्यादा ओलांडली गेली की महसुली व्यवहारात ती ‘अतिवृष्टी’ ठरते, आणि पिकांच्या नुकसानीचे पंचनामे व मदत यांचा विचार त्या आधारे होतो. भारतीय हवामान विभागाची परिभाषा याहून किंचित निराळी आहे. त्या विभागाच्या वर्गीकरणात ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अतिजोरदार’, आणि त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. त्याच विभागाच्या दैनिक वृत्तांत हेच आकडे पूर्ण सेंटिमीटरांत दिले जातात, आणि तेथे ‘जोरदार’ची सुरुवात ७ सेंटिमीटरांपासून होते.

आता असे समजा की, एखाद्या मंडळात ६४.६ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. आज्ञावलीने आकडा एका दशांश स्थळापर्यंत छापला, तर वाचक म्हणेल : हवामान विभागाच्या दृष्टीने जोरदार, महसुली दृष्टीने अतिवृष्टी नाही. तिने तो पूर्णांकात छापला, तर ‘६५ मिलीमीटर’ होईल आणि अतिवृष्टीची मर्यादा गाठल्यासारखी दिसेल. तिने तो पूर्ण सेंटिमीटरांत छापला, तर ‘६’ उरेल आणि पाऊस जोरदारही ठरणार नाही. पाऊस एकच, पर्जन्यमापक एकच. लेखनपद्धती तीन आणि निवाडेही तीन. शासकीय निर्णय मूळ नोंदीवरून होतो, आलेखावरून नव्हे, हे खरे. परंतु गावात पोचतो तो आलेख आणि तक्ताच. तंटा उभा राहतो तोही त्यावरूनच. एककाचे लेखन ही सजावटीची बाब नसून अर्थाची बाब आहे, हे एवढ्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

२. चिन्ह की संक्षेप ?

आंतरराष्ट्रीय एककपद्धतीचा एक मूलभूत नियम असा की, एककाचे चिन्ह हा शब्दाचा संक्षेप नव्हे. ती एक गणिती वस्तू आहे. म्हणून त्यापुढे टिंब येत नाही, त्याचे अनेकवचन होत नाही, आणि सर्व भाषांत ते एकच राहते. आकडा आणि चिन्ह यांच्यामध्ये जागा सोडावयाची. उपसर्ग आणि मूळ एकक यांच्यामध्ये मात्र सोडावयाची नाही. राशीचे अक्षर तिरपे, एककाचे अक्षर सरळ. ही व्यवस्था काटेकोर आहे आणि तिचे पालन करणारा आलेख जगात कोठेही वाचता येतो.

मराठीत मात्र जे लिहिले जाते ते बहुधा चिन्ह नसते. ‘मि.मी.’, ‘कि.मी.’, ‘से.’ हे संक्षेप आहेत. म्हणजे मुळात ते शब्दच आहेत. याचा पुरावा व्याकरणातच सापडतो. मराठी वाक्यात ‘६५ मिमीपेक्षा’, ‘३० किमीवर’, ‘दहा मिमीचा’ असे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये या रूपांना निर्वेधपणे लागतात. गणिती वस्तूला विभक्ती लागत नाही. ती शब्दालाच लागते. येथे एक सुखद योगायोगही नोंदला पाहिजे. मराठीत परिमाणवाचक नाम आकड्यामागून प्रथमेत आले की सामान्यतः अविकृत राहते : ‘एक मीटर’, ‘पाच मीटर’, ‘एक अंश’, ‘चाळीस अंश’. इंग्रजीला येथे अनेकवचनी प्रत्यय जोडावा लागतो. एककाला अनेकवचन नको, हा आंतरराष्ट्रीय नियम मराठीच्या प्रकृतीला अनायासे मानवणारा आहे. विकृती होते ती प्रत्ययापूर्वी : ‘चाळीस अंशांवर’, ‘दोन फुटांनी’. तात्पर्य, मराठीत एककाची दोन रूपे संभवतात : अक्षावर अथवा तक्त्याच्या शिरोभागी येणारे निःप्रत्यय रूप, आणि वाक्यात येणारे सप्रत्यय रूप. आज्ञावलीने या दोहोंत भेद केला पाहिजे.

संक्षेप शब्दच आहेत म्हटल्यावर अनेकार्थतेचा दोषही त्यांच्यामागे येतो. ‘मि.’ म्हणजे मिली, आणि मिनिटही. ‘से.’ म्हणजे सेकंद, आणि सेल्सिअसही. अनुस्वार सुटला की सेंटीसुद्धा. सर्वांत बोलके उदाहरण ‘ता.’ या संक्षेपाचे आहे. ‘पर्जन्यतीव्रता, मि.मी./ता., ता. चामोर्शी, ता. १५’ अशी ओळ एखाद्या तक्त्याच्या माथ्यावर लिहिली, तर तिच्यात एकच अक्षर तास, तालुका आणि तारीख अशा तीन अर्थांनी येते. मनुष्य संदर्भावरून ते सोडवून घेतो. आज्ञावलीला संदर्भ नसतो. टिंबाचीही गत अशीच आहे. ‘६४.५ मि.मी.’ या लेखनात पहिले टिंब दशांशचिन्ह, पुढील दोन संक्षेपचिन्हे, आणि वाक्याच्या शेवटी हेच असल्यास शेवटचे टिंब पूर्णविरामही. एका खुणेवर इतके भार टाकणारी लेखनपद्धती यंत्राच्या हाती सुखरूप राहणार नाही.

३. मोकळ्या जागेचा अर्थ

भाषाशास्त्रात दोन पदांमधील विरामाला अर्थभेदक मूल्य असते, हे सर्वमान्य आहे. एककांच्या लेखनात या मोकळ्या जागेला तसेच मूल्य आहे. किंबहुना अधिक आहे.

वाऱ्याचा वेग ‘मीटर प्रतिसेकंद’ या एककात मोजतात. लॅटिन लिपीत ते लिहिताना लघू ‘एम’, मग जागा, मग लघू ‘एस’ आणि त्याच्या माथ्यावर ऋण एक असा घातांक येतो. ही जागा गाळली तर लघू ‘एम’ हा मीटर राहत नाही. तो ‘मिली’ हा उपसर्ग बनतो, आणि संपूर्ण लेखनाचा अर्थ ‘प्रति मिलीसेकंद’ असा होतो. वेगाचे एकक वारंवारतेचे होऊन बसते. लघुत्तम युग्माचे याहून चोख उदाहरण शोधून सापडावयाचे नाही : भेदक घटक आहे तो केवळ एक मोकळी जागा.

आणि हीच जागा आज्ञावली गिळते. पाइथन भाषेतील मॅटप्लॉटलिब हे आलेख काढण्याचे साधन हवामानाच्या अभ्यासात सर्वत्र वापरले जाते. घातांक माथ्यावर चढावा म्हणून लिहिणारा एककाचे लेखन त्यातील गणिती लेखनाच्या कक्षेत, म्हणजे दोन डॉलरचिन्हांच्या आत, टाकतो. ही कक्षा लॅटेकच्या परंपरेतून आली आहे, आणि त्या परंपरेत मोकळ्या जागेला किंमत नाही. शिवाय प्रत्येक अक्षर हे राशीचे समजून तिरपे छापले जाते. परिणाम असा की, लिहिणाऱ्याने जागा सोडूनही छापील आलेखात ती नाहीशी होते, आणि सरळ हवे असलेले अक्षर तिरपे होते. अशा रीतीने एकाच वेळी दोन नियमांचा भंग होतो, आणि तोही आज्ञावलीने चुकीची कोणतीही सूचना न देता. उपाय अवघड नाही. सरळ अक्षरांची आज्ञा स्पष्टपणे द्यावी आणि मधली बारीक जागा स्वतंत्र खुणेने मागून घ्यावी, इतकेच. परंतु उपाय सोपा असणे आणि तो केला जाणे यांत अंतर असते. प्रबंधांतील आणि अहवालांतील असंख्य आलेख हे अंतर दाखवितात.

तिरप्या रेघेचा प्रश्नही याच वर्गातला. ‘मिमी/दिवस’ येथे रेघ भागाकार दाखविते. अक्षाच्या शीर्षकात राशी आणि एकक यांच्यामध्ये रेघ देण्याची एक शास्त्रीय रीत आहे. राशी भागिले एकक म्हणजे शुद्ध आकडा, हे तिचे तर्कशास्त्र. ते निर्दोष आहे. तथापि मराठी वाचकाला ‘पर्जन्य/मिमी’ हे लेखन ‘पर्जन्य अथवा मिमी’ असे वाचावेसे वाटते, कारण मराठी व्यवहारात रेघ विकल्प दाखविते. येथे ‘पर्जन्य (मिमी)’ हे कंसाचे लेखन अधिक श्रेयस्कर होय.

४. ‘अंशांवर’ आणि ‘अंशांनी’

तापमानाच्या एककाने आज्ञावलीची सर्वांत कठीण परीक्षा घेतली आहे. मराठीच्या दृष्टीने हा भाग विशेष मननीय आहे.

मीटर अथवा किलोग्रॅम यांना नैसर्गिक शून्य असते. सेल्सिअस मापाचे शून्य हे मानवी सोयीने ठरविलेले आहे. केल्विन मापाशी त्याचे अंतर २७३.१५ इतके आहे. म्हणून सेल्सिअस अंशांत व्यक्त केलेले दोन प्रकारचे आकडे असतात. एक, मापपट्टीवरील स्थान. दुसरा, दोन स्थानांतील अंतर. उष्णतेच्या लाटेच्या निकषात हे दोन्ही एकत्र येतात. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असावे आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असावे, असा हवामान विभागाचा एक निकष आहे. चंद्रपूर व ब्रह्मपुरी ही गावे उन्हाळ्यात ज्या बातम्यांत येतात, त्या बातम्यांचा आधार हाच. येथे ४० हे स्थान आहे आणि ४.५ हे अंतर. पहिल्याचे केल्विनमध्ये रूपांतर केले तर ३१३.१५ येते. दुसऱ्याचे रूपांतर केले तर ते ४.५ च राहिले पाहिजे, त्यातही २७३.१५ मिळविल्यास २७७.६५ हा निरर्थक आकडा हाती येतो.

एककांचा हिशेब ठेवणाऱ्या पिंट या पाइथन संग्रहाने हा भेद ओळखून अंतरासाठी निराळे एकक योजले आहे. त्याच्या नावापूर्वी ‘डेल्टा’ हा शब्द जोडलेला असतो. हवामानशास्त्रासाठी युनिडेटा या अमेरिकी संस्थेने तयार केलेला मेटपाय हा संग्रह पिंटवरच उभा आहे. तेव्हा हा भेद त्यालाही लाभला आहे. परंतु आज्ञावलीने राखलेला हा भेद छापील चिन्हात उरेलच असे नाही. आंतरराष्ट्रीय चिन्हव्यवस्थेत स्थान आणि अंतर या दोहोंस एकच अंशचिन्ह चालते, आणि जेथे ‘डेल्टा’ छापला जातो तेथे तो वाचकाला बुचकळ्यात टाकतो.

मराठीत हा भेद प्रत्यय दाखवितात. ‘पारा ४५ अंशांवर गेला’ आणि ‘पारा ४.५ अंशांनी वाढला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावी. ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय स्थान दाखविते. ‘नी’ हा तृतीयेचा प्रत्यय अंतर दाखवितो. कोणताही मराठी भाषक, मग त्याने भौतिकशास्त्र शिकलेले असो वा नसो, यांची अदलाबदल करीत नाही. ‘पारा ४.५ अंशांवर वाढला’ असे कोणी म्हणत नाही. ज्या भेदासाठी संगणकतज्ज्ञांना नवे एकक कल्पावे लागले, तो मराठीच्या विभक्तिव्यवस्थेत आधीपासून नांदत आहे. मराठी आलेखाच्या शीर्षकात ‘सरासरीपासूनचा फरक (सेल्सिअस अंशांनी)’ असे लिहिले, तर जे चिन्हाला सांगता येत नाही ते शब्द सांगून जातो. मराठीला विज्ञानाची भाषा होण्यासाठी नेहमी नवे शब्दच घडवावे लागतात असे नाही. हाती असलेले प्रत्यय नेमके वापरणे हाही एक मार्ग आहे.

५. अनुच्चारित एकक

काही आलेखांत एकक लिहिलेलेच नसते. वाचकाने ते जाणून घ्यावयाचे असते. भाषाशास्त्रातील शून्य रूपिमाची येथे आठवण होते. रूप दिसत नाही, पण अर्थ असतो.

हवामान नकाशावरील वाऱ्याचा बाण हे याचे नमुनेदार उदाहरण. बाणाच्या शेपटीवरील अर्धी रेघ ५ नॉट, पूर्ण रेघ १० नॉट आणि त्रिकोणी पताका ५० नॉट असा संकेत आहे. नकाशावर ‘नॉट’ हा शब्द असतोच असे नाही. मॅटप्लॉटलिबला या बाणांसाठी ५, १० आणि ५० हे आकडे ठाऊक आहेत. ते कशाचे, हे ठाऊक नाही. तिला मीटर प्रतिसेकंदांतील आकडे दिले, तर ती निमूटपणे त्यांचेच बाण काढते. एक मीटर प्रतिसेकंद म्हणजे सुमारे १.९४ नॉट, म्हणून वाचकाच्या दृष्टीने वारा जवळजवळ निम्मा होतो. आलेख देखणा असतो, रेघा सुबक असतात, आणि विधान असत्य असते.

दुसरा प्रकार कोपऱ्यातल्या गुणकाचा. हवामानाच्या प्रतिमानांत पाऊस पुष्कळदा ‘किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद’ या एककात साठविलेला असतो. एका चौरस मीटरवर एक किलोग्रॅम पाणी म्हणजे एक मिलीमीटर उंचीचा थर. तेव्हा दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले की दिवसाला ६५ मिलीमीटर हा पाऊस सुमारे ०.०००७५ असा लिहिला जातो. असे लहान आकडे अक्षावर आले आणि घातांकी लेखनाची मांडणी निवडलेली असली की मॅटप्लॉटलिब ते ७.५ असे छापते आणि दहाचा ऋण चौथा घात अक्षाच्या टोकाशी बारीक अक्षरांत ठेवते. एकक एका ठिकाणी, गुणक दुसऱ्या ठिकाणी आणि आकडा तिसऱ्या ठिकाणी. एका पदाचे असे तीन तुकडे करणारे लेखन कोणत्याही भाषेत सुबोध ठरणार नाही. युरोपीय केंद्राच्या ईआरए-५ या पुनर्विश्लेषणात पाऊस मीटरमध्ये असतो. तेथे ६५ मिलीमीटर हे ०.०६५ होते. चामोर्शीच्या शेतकऱ्याला, आणि विद्यार्थ्यालाही, जो आकडा ओळखीचा आहे तो ६५. आलेख काढण्यापूर्वी एकक बदलून घेणे हे म्हणूनच वाचकाविषयीचे कर्तव्य आहे.

तिसरे उदाहरण नदीचे. चामोर्शी तालुक्यात आष्टी येथे वैनगंगेवर केंद्रीय जल आयोगाचे मापनस्थळ आहे. वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण आहे. त्याचे तेहतीस दरवाजे उघडले की खालच्या गावांना पुराची चिंता लागते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस आलेला पूर या भागात अद्याप विस्मरणात गेलेला नाही. धरणाचा विसर्ग कधी ‘क्युसेक’मध्ये सांगितला जातो, कधी ‘क्युमेक’मध्ये. पहिला घनफूट प्रतिसेकंद, दुसरा घनमीटर प्रतिसेकंद. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. ध्वनिविचाराच्या दृष्टीने हे दोन शब्द पुन्हा लघुत्तम युग्म आहेत : ‘स’ आणि ‘म’ एवढाच भेद, आणि अर्थात पस्तीस पटींचे अंतर. एक हजार क्युमेक म्हणजे ३५ हजारांहून अधिक क्युसेक. दूरध्वनीवर ऐकलेला, घाईत उतरवून घेतलेला आकडा या दोन शब्दांच्या मध्ये सहज घसरू शकतो. सूचनापत्रांत व आलेखांत या दोन्ही जुळ्या शब्दांना रजा देऊन ‘घनमीटर प्रतिसेकंद’ असे पूर्ण लिहावे. लांबी थोडी वाढेल, पण घसरण थांबेल.

६. दोष लिपीचा की यंत्राचा ?

देवनागरीत लघू आणि गुरू अक्षरांचा भेद नाही, म्हणून वैज्ञानिक चिन्हांसाठी ती अयोग्य आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. लॅटिनमध्ये लघू ‘एम’ म्हणजे मिली आणि मोठा ‘एम’ म्हणजे मेगा. देवनागरीत हे कसे साधणार, असे विचारले जाते. आक्षेप वरवरचा आहे. देवनागरीत ‘मि’ आणि ‘मे’ हा भेद स्वरचिन्हाने होतो, आणि तो कानालाही ऐकू येतो. लॅटिन चिन्हातील भेद केवळ डोळ्यांना दिसतो. उच्चारात तो नष्ट होतो. या बाबतीत देवनागरी उणी नाही, काकणभर सरसच आहे.

अडचण येते ती यंत्रात. ऱ्हस्व इकाराची वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. युनिकोडमध्ये ती उच्चारक्रमाने साठविली जाते; पडद्यावर तिला मागे नेऊन बसविण्याचे काम अक्षरजुळणी करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेचे असते. मॅटप्लॉटलिबच्या सर्वसाधारण मांडणीत दीर्घकाळ ही यंत्रणाच नव्हती. तिच्याबरोबर येणाऱ्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नसल्यामुळे प्रथम रिकामे चौकोन उमटतात. देवनागरी फॉन्ट पुरविला तर चौकोन जातात, पण वेलांटी व्यंजनाच्या मागून छापली जाते. ‘मिमी’ या शब्दातील पहिल्या ‘म’ची वेलांटी दुसऱ्या ‘मी’वर चढते. ‘किमी’, ‘मिनिट’, ‘मिली’ या सर्वांची तीच गत. योगायोग असा विलक्षण की, एककांच्या उपसर्गांत ज्या स्वरावर अर्थभेद उभा आहे नेमका तोच स्वर यंत्र चुकविते. बाह्य साधन जोडून, अथवा शीर्षके चित्रसंपादनात निराळी लिहून, यातून मार्ग काढता येतो. परंतु दुसऱ्या मार्गाने गेल्यास एकक आकड्यापासून तुटते, आणि मूळ दोष पुन्हा उभा राहतो.

एक दोष मात्र लिपीच्या पदरात टाकावाच लागतो. अंशाचे चिन्ह आणि देवनागरी शून्य यांच्या आकृती सारख्या आहेत. जुन्या टंकलेखनात, आणि नंतरच्या युनिकोडपूर्व फॉन्टांतही, शून्यच माथ्यावर चढवून अंशाचे काम भागविले गेले. माथ्यावर चढविण्याची सूचना मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना गळते, आणि ‘४५ अंश’ यांचे ‘४५०’ होते. युनिकोडमध्ये अंशाला स्वतःचे चिन्ह आहे, तेच वापरावे. देवनागरी आकड्यांबरोबर तर ‘अंश’ हा शब्द पूर्ण लिहिणे अधिक सुरक्षित. दोन अक्षरे वाचविण्यासाठी दसपट तापमानाचा धोका पत्करणे शहाणपणाचे नव्हे.

७. आज्ञावलींचे गुणदोष आणि काही सूचना

आज प्रचलित असलेल्या रीती तीन आहेत. पहिली, अक्षाचे शीर्षक हाताने लिहिणे. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक. आज्ञावलीत आकडे एका ओळीत बदलतात आणि शीर्षक दुसऱ्या ओळीत तसेच राहते. इंचांचे मिलीमीटर झाले, पण शीर्षक ‘इंच’ म्हणत राहिले, तर दोहोंचा संबंध तपासणारे कोणीच नसते. जुन्या मध्यप्रांतातील पर्जन्याच्या नोंदी इंचांत आहेत. १९५६चा वजनमापांचा कायदा आणि १ ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने आलेली दशमान मापे यांच्या अलीकडील नोंदी त्यांना जोडून दीर्घ मालिका तयार करणाऱ्या प्रत्येक संशोधकापुढे हा धोका उभा आहे. त्याला जोडून दुसरा धोका खोट्या सूक्ष्मतेचा : २.५६ इंचांचे ६५.०२४ मिलीमीटर होतात, पण मूळ मापकाने इतके बारकाईने मोजलेले नव्हते. ‘६५.०’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे.

दुसरी रीत, एककाला आकड्याबरोबर बांधून ठेवण्याची. पिंट आणि मेटपाय हे करतात. आकडा व एकक मिळून एक वस्तू होते. मीटरमध्ये सेकंद मिळवू पाहिल्यास आज्ञावली नकार देते. एकक बदलले की आकडाही बदलतो. आणि सांगितल्यास अक्षावर एकक आपोआप लिहिले जाते. हे संख्येच्या व्याकरणाचे फार मोठे काम झाले, हे मान्य केले पाहिजे. लेखनाच्या अंगाने मात्र दोष उरतात. मूळ स्थितीत पिंट एककांची इंग्रजी नावे लांबलचक छापतो. चिन्हे मागितल्यास ‘किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद’ यासारख्या संयुक्त एककात तो दोन तिरप्या रेघा एकापुढे एक देतो. कंसाविना अशा दोन रेघा आंतरराष्ट्रीय नियमाला मान्य नाहीत, कारण भागाकार कोणाचा कोणी करावयाचा हे त्यातून निश्चित होत नाही. वाक्यविचारातील द्व्यर्थी रचनेसारखाच हा दोष आहे.

तिसरी रीत भाषानिहाय लेखनाची. युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या भांडारात अनेक भाषांतील एककांची नावे व त्यांची वचननिहाय रूपे नोंदलेली आहेत. त्यांत मराठीही आहे. पिंट बॅबेल या साधनाद्वारे अशा भांडाराचा उपयोग करू शकतो. ही दिशा योग्य आहे. तथापि एकवचन आणि अन्य एवढ्या दोनच खान्यांत मराठी मावत नाही. ‘अंश’, ‘अंशांवर’, ‘अंशांनी’ ही विभक्तिरूपे तेथे मागावयाची सोय नसेल, तर आलेखाचे शीर्षक साधेल, पण आलेखाखालील वाक्य साधणार नाही.

या चिकित्सेतून काही सूचना निष्पन्न होतात. एक : एकक हे आकड्याबरोबर शेवटपर्यंत चालले पाहिजे, त्याचे लेखन ही सर्वांत शेवटची क्रिया असावी आणि ती एकाच ठिकाणी व्हावी. दोन : ज्या आलेखाचा वाचक जगभरचा आहे, तेथे आंतरराष्ट्रीय चिन्हे नियमानुसार, सरळ अक्षरांत आणि जागा राखून लिहावी, ज्याचा वाचक मराठी आहे, तेथे ‘मिलीमीटर’, ‘अंश सेल्सिअस’, ‘घनमीटर प्रतिसेकंद’ हे पूर्ण शब्द लिहावे. एकाच एककात दोहोंची मिसळ करू नये. तीन : संक्षेप अटळ असेल तर टिंबाविना ‘मिमी’, ‘किमी’ लिहावा, आणि ‘से’, ‘ता’, ‘मि’ हे एकाक्षरी संक्षेप पूर्णपणे वर्ज्य करावे. चार : स्थान आणि अंतर यांतील भेद शीर्षकात शब्दांनी दाखवावा. पाच : निवाड्याची मर्यादा आकड्याच्या जवळ असेल, तर मूळ नोंदीइतकी दशांश स्थळे राखावी, आज्ञावलीने परस्पर केलेले पूर्णांकन मान्य करू नये.

यावर कोणी म्हणेल की, सर्वत्र आंतरराष्ट्रीय चिन्हेच वापरली तर मराठीचा प्रश्नच उरणार नाही. हे म्हणणे अर्धसत्य आहे. अक्षावर चिन्ह चालेल; पण आलेख कोणीतरी वाचून दाखवितो, त्यावरून सूचना लिहितो, ग्रामसभेत बोलतो, आणि तेथे चिन्हाचे पुन्हा वाक्य होते. ते वाक्य मराठीतच होणार. याच्या उलट टोकाला, सर्व चिन्हांना संस्कृतोद्भव देवनागरी पर्याय द्यावे, ही भूमिकाही या विभागाला अपरिचित नाही. १९५६पर्यंत चांदा जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता, त्याच्या राजधानीत, नागपुरात, डॉ. रघुवीर यांनी परिभाषेचा प्रचंड उद्योग केला आणि रासायनिक मूलद्रव्यांनाही नवी नावे दिली. त्या परिश्रमांविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, ज्या लेखनाला बोलणाऱ्यांचा आधार नाही ते टिकत नाही. ‘मिलीमीटर’ हा शब्द चामोर्शीच्या बाजारात रुळला आहे. तो बदलण्याचे कारण नाही. त्याचे लेखन स्थिर करण्याचे कारण मात्र आहे.

मापनलेखनाचा प्रश्न आजवर भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र या विभागांच्या स्वाधीन राहिला. ज्या दोषांची येथे नोंद झाली, त्यांची नावे मात्र भाषाशास्त्राची आहेत : अनेकार्थता, विराम, शून्य रूपिम, विभक्ती, द्व्यर्थी रचना. मराठीतील सप्रत्यय एककरूपांची एक व्यवस्थित सूची, तिच्यातील प्रत्येक रूपाच्या उपयोगासह, तयार करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे, आणि आज्ञावली लिहिणाऱ्यांना ती थेट वापरता येईल. अतिवृष्टी ठरली की नाही हे ज्या शेतकऱ्याला जाणून घ्यावयाचे आहे, त्याच्यापर्यंत ६४.६ हा आकडा आपल्या एककासह आणि आपल्या दशांशासह जसाच्या तसा पोचणे, हीच त्या कामाची कसोटी होय.